इंजिन उघडण्याआधी: सोलापुरातल्या गाडीचं ॲव्हरेज

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे जुळे सोलापुरात राहतात, २०१९ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, ५८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीने लिटरला २१ किलोमीटरच्या वरचा आकडा सांगितला होता. शहरात १२ मिळतात, पुण्याला जाताना १५-१६. गॅरेजमध्ये इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि डीकार्बनायझिंग (इंजिनातला कार्बनचा थर काढणं) असं सात-आठ हजारांचं काम सांगितलंय. करावं का?

आत्ता नको. गाडी सुरू करताना अडखळत नसेल, सिग्नलला उभी असताना थरथरत नसेल आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला नसेल, तर तुमचं पेट्रोल बहुधा बॉनेटखाली वाया जात नाहीये. ते ब्रेकमध्ये, टायरमध्ये आणि हायवेवर वाऱ्याशी झुंजण्यात जातंय. तिथलं आधी वाचवा. त्यासाठी मोठा खर्च नाही.

आधी आकडा खरा आहे का ते बघा. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज बहुतेक गाड्यांत थोडं वाढीव असतं, आणि "दोन हजारांचं टाकलं, इतकं पळाली" या हिशोबाला काही अर्थ नाही. पद्धत साधी आहे. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर टाकी भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा आणि ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी तसंच भरा, किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीत फसगत होते, कारण नोझल कधी अर्धा-एक लिटर आधी बंद पडतं. पंचवीस लिटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे चार टक्के. म्हणून तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करूनच भागाकार करा. नोझल बंद पडल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून वरून भरायला सांगू नका. जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या चारकोल कॅनिस्टरमध्ये जातं. तो भिजला की गाडी नीट चालत नाही आणि नवा बसवायला बराच खर्च येतो.

कंपनीच्या २१ च्या आकड्यावर फार जीव लावू नका. तो प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० च्या वर न जाता काढलेला असतो. त्यात आसरा चौकातली संध्याकाळ नसते आणि मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊनही नसतं. तुमच्या गाडीकडून शहरात १४-१५ आणि हायवेवर १८-१९ ही रास्त अपेक्षा आहे. म्हणजे भरून काढायची तूट दोन-तीन किलोमीटरची आहे, नऊची नाही.

यातला थोडा भाग इंधनाचाच आहे आणि तो परत येणार नाही. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या ऊसापासूनही ते तयार होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचव्या हिश्शाला हे लावलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी इतकीच घट धरली होती. पूर्वी तुम्ही १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल वापरत होतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याच्या निम्मा, म्हणजे १५ ला अर्धा किलोमीटर. कुणी "ई-२० मुळे पाच किलोमीटर गेले" म्हणत असेल, तर बाकीचे साडेचार दुसरीकडे शोधायला हवेत.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही आणि सोबत कुणी असं धरून गाडीचं वजन ११०० किलोच्या आसपास होतं. ती शून्यावरून ४० च्या वेगाला न्यायला लागणारी ऊर्जा आणि शहरात इंजिनाची कार्यक्षमता असा हिशोब केला, तर साधारण १० मिली पेट्रोल लागतं. ताशी ६० पर्यंत नेलं तर २० मिलीच्या वर. ब्रेक दाबला की हे सगळं पेट्रोल डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन संपतं. समजा जुळे सोलापुरातून सैफुल, पत्रकार भवन, सात रस्ता करत नवी पेठेत जाता आणि परत येता. जाऊन-येऊन १६ किलोमीटर धरा, आणि ३० वेळा थांबून पुन्हा ४० गाठली. म्हणजे ३०० मिली ब्रेकमध्ये गेलं. १२ च्या ॲव्हरेजने त्या फेरीत एकूण पेट्रोल १.३ लिटर लागतं. जवळपास पाव भाग! यातली निम्मी ब्रेकिंग टाळली, तर तीच गाडी, त्याच इंजिनावर, साडेतेराच्या आसपास देते.

निम्मी ब्रेकिंग टाळायची म्हणजे हळू चालवायचं असं नव्हे. नजर पुढच्या बंपरवर न ठेवता पुढच्या सिग्नलवर ठेवायची. सिग्नल लाल दिसतोय, तर दीडशे मीटर आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. तुम्ही पोचेपर्यंत बऱ्याचदा हिरवा होतो, आणि २० च्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये पुढे निघणं हे शून्यावरून उठण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. गतिरोधकाचंही तसंच. दोन गतिरोधकांमध्ये रेस देऊन ५० गाठायची आणि लगेच करकचून ब्रेक, यात वेळ वाचत नाही. पुढच्या रिक्षापासून किंवा बसपासून दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवा. मधे कुणीतरी घुसेल, घुसू द्या. ते अंतर असलं की पुढच्याचा ब्रेक लाइट लागला तरी तुम्हाला नुसता पाय उचलून भागतं.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा: न्यूट्रलचा. तुळजापूरचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे पुष्कळ आहेत, काहीजण तर चावीही बंद करतात. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय आहे. तुमच्या गाडीत इंजेक्शन आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की गाडीतला संगणक इंजेक्टर बंदच करतो आणि चाकं इंजिन फिरवतात. तेव्हा पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिनाला स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल घ्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं आणि ब्रेक तापतात. चावी बंद केली तर ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबण्यात संपतो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि चावी पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही बसू शकतं. उतारावर तिसरा गिअर, पाय मोकळा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) १२००-१५०० च्या खाली आलं की इंजेक्शन पुन्हा सुरू होतं, म्हणून तिथे एक गिअर खाली घ्या.

गिअर बदलण्याबद्दल दोन टोकं दिसतात. एकजण दुसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजारांपर्यंत खेचतो, दुसरा ॲव्हरेजच्या नावाखाली चौथ्यात ३० ने गाडी ढकलतो. पेट्रोल गाडीत २००० ते २५०० च्या दरम्यान वरचा गिअर टाका, डिझेलमध्ये १५०० ते २०००. वरच्या गिअरमध्ये इंजिन घरघरायला लागलं किंवा ठोके ऐकू आले, तर तिथे पाय खाली दाबण्यात फायदा नाही. गिअर उतरवा. डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. सिग्नलच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याऐवजी हँडब्रेक ओढा. क्लच घसरतोय का ते बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० वरून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम उडालं आणि वेग मागेच राहिला, तर क्लच प्लेट संपत आली आहे आणि ती पेट्रोलही खातेय.

इंजिन चालू ठेवून थांबणं: १.२ लिटरचं इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण ६००-७०० मिली पितं, एसी लावला तर लिटरच्या घरात. शाळेबाहेर एसी लावून दहा मिनिटं थांबलात की १६-१७ रुपये गेले. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. सकाळी इंजिन "गरम करत" पाच मिनिटं उभं ठेवायची सोलापुरात डिसेंबरातही गरज नाही. वीस-तीस सेकंद पुरेत, पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. थंड इंजिन पहिल्या काही मिनिटांत सर्वांत जास्त पितं, म्हणून दूध, भाजी आणि क्लास यांच्या तीन वेगळ्या फेऱ्यांपेक्षा एकच फेरी बरी.

आता हायवे. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, चौपदरी, आणि सावळेश्वरचा टोल संपला की मोहोळपासून पाय आपोआप जड होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून ११० केलंत की वाऱ्याचा विरोध दीडपट होतो, आणि त्या वेगात इंजिनाचं निम्म्याहून जास्त काम वाऱ्याशीच चाललेलं असतं. छोट्या हॅचबॅकला ९० च्या आत १८-१९ आणि ११० ला १५ हा फरक अगदी नेहमीचा आहे. तुमचा १५-१६ चा आकडा इथूनच आलाय, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. पुण्याच्या एका खेपेला हा तीन लिटरचा प्रश्न आहे. लिटरला १०५ रुपये धरले तर तीनशेच्या वर. वेळेचा फरक कागदावर अर्धा तास दिसतो. टोल, टेंभुर्णीचा चहा आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या धरल्या तर पंधरा-वीस मिनिटंही उरत नाहीत.

पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे पुण्याला जाताना तो अंगावर येतो. वारा २० चा आणि तुम्ही ९० वर, तर गाडीला ११० चा वारा लागतो. त्या दिवसांत जातानाचं ॲव्हरेज बघून मेकॅनिककडे धावू नका. जाणं-येणं मिळून मोजा. छतावरचा कॅरिअर वारीला किंवा गावाला जाण्यापुरता लावा आणि परत आल्यावर काढा. रिकामा कॅरिअरही वारा अडवतो. डिकीतली सिमेंटची उरलेली पिशवी किंवा चादरींचं गाठोडं, ५० किलो म्हणजे साधारण एक टक्का. फार नाही, पण फुकटचं ओझं आहे.

टायरबद्दल सोलापुरात एक हट्टी समज आहे: "उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापूनच फुटते. त्याच वाकण्यात पेट्रोलही जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी वेगळे आकडे असतात. ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं असेल तर ३३ थंड टायरमध्ये. थंड म्हणजे किमान तीन तास उभी असलेली किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली गाडी. सकाळी २५ अंशांत ३३ भरलेला टायर दुपारी ४५ अंशांत सावलीतही ३६ दाखवेल, चालल्यावर आणखी वर जाईल. कंपनीने ते गृहीत धरूनच आकडा दिलाय. दुपारी पंपावर ३७ दिसले म्हणून हवा सोडून ३३ करू नका, केलीत तर रात्री तो २९ च्या आसपास येईल. महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआपच जातात, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा बघा, स्टेपनीसकट. पंपावरचे मीटर वापरून वापरून चुकतात. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा हातातला गेज घरी ठेवा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्यात ॲव्हरेजचा फायदा नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

व्हील अलाइनमेंट दहा हजार किलोमीटरला, किंवा मोठा खड्डा आदळल्यावर. सपाट सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायरच्या कडा एकाच बाजूने झिजत असतील, तर चाकं रस्त्यावर घासत चालली आहेत. पावसात शेतरस्त्याला गेलात तर रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळते. तिच्याने बॅलन्सिंग बिघडतं. आधी ती धुऊन काढा, मगच बॅलन्सिंगला पैसे द्या.

या सगळ्यात सर्वांत कमी बघितली जाणारी जागा म्हणजे अडकलेला ब्रेक. धुळीने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लायडिंग पिना कोरड्या पडतात, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल जास्त आवळलेली असते. तपासायला मेकॅनिक लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक फार न वापरता गाडी हळूहळू थांबवा. चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला स्पर्श न करता. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे ब्रेक धरतोय. खात्रीसाठी ते चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड लावून, आणि हाताने फिरवा. मागचं चाक उचलताना हँडब्रेक सोडा, पुढचं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. हलकासा घासल्याचा आवाज चालतो, पण जोर लावावा लागत असेल तर कॅलिपर उघडून पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावून घ्या. साधं ग्रीस रबराचे बूट फुगवतं.

एसी सोलापुरात सोडून देणं शक्य नाही, तसा सल्लाही मी देणार नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर मिनिटभर चारही काचा खाली करून चालवा. आतली भट्टी बाहेर गेली की काचा वर, एसी चालू आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबा. बाहेरची ४२ अंशांची हवा सतत थंड करत बसण्यापेक्षा आतली हवा थंड ठेवणं सोपं असतं. शहरात संध्याकाळी ४०-५० च्या वेगात काचा उघड्या चालतील, ७०-८० च्या वर मात्र काचा बंद आणि एसी बरा, कारण उघड्या काचा वारा धरतात. समोरचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) धूळ, किडे आणि पिसांनी भरला की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. वर्षातून दोनदा हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पातळ पट्ट्या वाकतात.

बॉनेटखाली बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्यातली एक सोलापूरची खास आहे. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकण्याची पद्धत. तुमची गाडी कधी रेडिएटरच्या कामाला गेली असेल तर तो जागेवर आहे का, हे विचाराच. थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतो, इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचतं, हायवेवर तर पोचतच नाही, आणि संगणक "इंजिन अजून थंड आहे" समजून जास्त पेट्रोल देत राहतो. गाडी गरम होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: कूलंटऐवजी टाकलेलं बोअरचं जड पाणी, त्याचा रेडिएटरमध्ये बसलेला क्षार, किंवा बंद पडलेला पंखा. कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.

दुसरी सवय घट्ट ऑइलची. "आपल्याकडं ऊन फार, २०डब्ल्यू-५० टाका" असं सांगितलं जातं. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच टाका. घट्ट ऑइल ढवळण्यात एक-दोन टक्के सहज जातात. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर ऑइल नको, क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) त्यात बुडून फेस करतो.

एअर फिल्टरबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मळलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसं पडत नाही. हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी करतो. पडतो तो पिकअप, आणि मग आपण पाय जास्त दाबतो. तरीही इथली धूळ बघता पाच हजार किलोमीटरला आतून बाहेर हवा मारून साफ करा आणि मॅन्युअलच्या मुदतीआधीच बदला, इंजिनाच्या आयुष्यासाठी. कागदी फिल्टर कधीही धुऊ नका. स्पार्क प्लग साधे असतील तर ५८ हजारांना ते संपलेलेच आहेत. इरिडियम असतील तर लाखापर्यंत चालतात. बिलं काढून बघा.

पहाटे पेट्रोल भरलं की जास्त येतं, हे मात्र विसरा. पेट्रोल अंशामागे साधारण एक हजारांश फुगतं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात जेमतेम बदलतं. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवरही पैसे घालवू नका.

हवा, ब्रेक, वेग आणि पाय उचलण्याची सवय, एवढं करून तीन टाक्या मोजा. तरीही शहरात १३ च्या खाली राहिलं तर मग गॅरेजला जा, पण डीकार्बनायझिंगसाठी नाही. स्कॅनर लावायला सांगा आणि तीन आकडे विचारा. इंजिन तापल्यावर कूलंटचं तापमान ८५ ते ९५ च्या आसपास आहे का? ७० वर अडकलं असेल तर थर्मोस्टॅट. पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतोय का? एका जागी गोठला असेल तर तो बदला, कारण बिघडलेला सेन्सर एकटा मोठी तूट पाडू शकतो. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरलेल्या पेट्रोलमध्ये सतत किती टक्के कमी-जास्त करतोय, ते किती? ई-२० मुळे ते अधिक चार-पाच दिसणं साहजिक आहे. अधिक दहाच्या वर असेल तर हवेची गळती किंवा कोंडलेला इंजेक्टर शोधा, आणि तेव्हाच इंजेक्टर क्लीनिंगला खर्च करा. उणे दहाच्या खाली असेल तर पेट्रोल जास्त पडतंय, इंजेक्टर गळतोय किंवा हवेचा दाब मोजणारा सेन्सर चुकतोय. हे तिन्ही आकडे ठीक आले तर शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं: चारही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर तुमचं इंजिन उघडायचं काही कारण नाही.